कच्चा तपास, कच्चे कैदी

जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, बलात्कारही झाला. आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांमधून त्या आईने चार सराईत गुन्हेगारांना ओळखले होते. मात्र त्या चौघांवर खटला कधी चाललाच नाही. अटक झाली ती दुसऱ्याच सहा जणांना, आणि ते सहाही भटक्या जमातींतले होते. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे निष्पन्न झाले. मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सगळ्यांना निर्दोष ठरवले, प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, ओळखल्या गेलेल्या त्या चौघांविरुद्ध पुढील तपासाचे आणि कसूर करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. तोवर जवळपास सोळा वर्षे उलटली होती.

गुन्हा करणाऱ्याला जाब विचारला गेला का? परिसर सुरक्षित झाला का? वाचलेल्या त्या आईच्या आणि मुलाच्या जखमेवर कुणी फुंकर घातली का? या एका प्रकरणात तिन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवर आपल्याकडे वाद रंगतो, तेव्हा हे तीन प्रश्न एकमेकांचे वैरी असल्यासारखे मांडले जातात. कैद्यांच्या हक्कांविषयी बोलणारा पीडितांचा शत्रू ठरतो आणि कडक शिक्षेची मागणी करणारा माणुसकीचा. प्रत्यक्षात जिथे तपास ढिला, वकील नावापुरता आणि खटला अंतहीन असतो, तिथे आरोपी, पीडित आणि समाज असे तिघेही एकदमच नागवले जातात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि जागा होती 4,36,266 जणांची. त्यांपैकी 4,34,302 जण, म्हणजे शंभरातले जवळपास 76, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. या दोन आकड्यांकडे शेजारी शेजारी पाहावे. तुरुंगांची एकूण क्षमता जवळपास कच्च्या कैद्यांनीच भरून गेली होती. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे आणि तिथे वर्षानुवर्षे तिच्या तिपटीहून अधिक माणसे राहत आली आहेत. बराकीत आळीपाळीने झोपावे लागते तिथे सुधारणा, शिक्षण, समुपदेशन हे शब्द पाटीवरच राहतात.

हे काही आज उघडकीला आलेले नाही. 1979 मध्ये कपिला हिंगोरानी यांनी बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ त्यांच्यातल्या कित्येकांनी खटल्याविनाच आत काढला होता. हुसैनारा खातून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालाने जलद खटला हा मूलभूत हक्क ठरला. पुढे न्यायमूर्ती मुल्ला समितीने 1980 ते 83 या काळात देशभरातल्या तुरुंगांची पाहणी करून सविस्तर शिफारशी केल्या. 2018 मध्ये न्यायमूर्ती अमिताव रॉय समिती नेमली गेली. अहवालांची उणीव आपल्याला कधीच भासलेली नाही.

कायदाही थोडा पुढे सरकला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकावरच टाकली, हे चांगले झाले. जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हा लाभ द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये बजावले. पण याच कलमात एक खोच आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले प्रलंबित आहेत, त्याला या सवलतीचा उपयोग नाही.

ही खोच कुणाच्या पायात रुतते, हे महाराष्ट्राला कुणी वेगळे सांगायला नको. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिस ठाण्यातली वहीही तशीच राहिली. गावात चोरी झाली की पालावर गाडी येते. एकाच तरुणावर तीन-चार ठाण्यांत गुन्हे नोंदले जातात आणि ‘एकाहून अधिक खटले’ ही अट आपसूक पूर्ण होते. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने 1987 मध्ये हे जगणे मराठी वाचकांसमोर उघडे केले, त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कायद्याच्या नजरेत मात्र फार फरक पडला नाही. तुरुंगाच्या आतही नाही. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास साफ करायचे, हे काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत चक्क छापलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. प्रजासत्ताकाला तेव्हा 74 वर्षे पूर्ण झाली होती.

जामीन मंजूर होऊनही आतच राहिलेल्यांची कथा आणखी वेगळी. न्यायाधीश जामीन देतात, रक्कम ठरते, पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारा असलेला, शिधापत्रिका दाखवू शकणारा माणूस ऊसतोडणी कामगाराच्या किंवा परप्रांतीय मजुराच्या ओळखीत नसतो. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये संविधान दिनाच्या भाषणात या लोकांचा विषय काढला. त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजनाही आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजार आणि दंड न भरता आल्यामुळे अडकलेल्या शिक्षाबंदीसाठी 25 हजार रुपयांपर्यंत मदत तिच्यात सुरुवातीला ठेवली होती. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून हेच काम करतो आहे. त्याचे समाजकार्यकर्ते कैद्याच्या घरचा पत्ता शोधतात, नातेवाइकांशी बोलतात, वकिलाला कागद नेऊन देतात. हे काम दिसायला किरकोळ आहे, पण शेकडो पानी निकालाने जे होत नाही ते एका पत्त्याने होते. प्रत्येक जिल्हा कारागृहात असा पगारी समाजकार्यकर्ता का नसावा, याचे पटणारे उत्तर आजवर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. पीडिताला भारतीय न्यायालयात फार काळ साक्षीदारापलीकडे स्थानच नव्हते. देसाईगंजच्या पोलिस चौकीत 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे त्याचे एक कारण. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पुढे पीडितांच्या भरपाईची तरतूद आली. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2013 मध्ये बलात्कार, बाल लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. गंभीर प्रकरणांत दहा लाखांपर्यंत मदत, शिवाय समुपदेशन आणि उपचार अशी तिची मांडणी आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी राज्याने 2017 मध्ये कायदाही केला.

कागदावर हे भक्कम आहे. पण पीडिताला पैशांच्या आधी दोन गोष्टी हव्या असतात: आपली फिर्याद लिहून घेतली जावी आणि आपल्या खटल्याचे काय झाले ते कुणीतरी सांगावे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा पालकांना तक्रार नोंदवण्यासाठीच तासन्‌तास ताटकळावे लागले आणि संतापलेले लोक रुळांवर उतरले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. त्या मुलींच्या आईवडिलांना न्यायालयात पुराव्यानिशी जे ऐकायला मिळायला हवे होते, ते मात्र आता त्या आरोपीबाबत कधीच ऐकायला मिळणार नाही.

हैदराबादमध्ये 2019 साली एका पशुवैद्यक तरुणीच्या खुनानंतर चार संशयितांना पोलिसांनी ठार केले, तेव्हाही फुले उधळली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये अहवाल दिला: गोळीबार जीव घेण्याच्याच हेतूने झाला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. लोकांचा राग खोटा नव्हता. न्यायालयात वर्षे जातात आणि शेवटी आरोपी सुटतो, हा अनुभव त्या रागामागे असतो. परंतु चकमकीने तपासाची ढिलाई झाकली जाते. ती सुधारत नाही. फाशीची तरतूद वाढवून सुरक्षा येते, असेही दिसलेले नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या विधेयकावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या निम्मी जरी न्यायवैद्यक प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागांवर झाली असती, तर पीडितांच्या पदरात काही पडले असते.

11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे मेली. 2015 मध्ये बारा जणांना दोषी ठरवले गेले, पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले; बाराजणांतला एक तोवर तुरुंगातच वारला होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले असून, या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असे त्या न्यायालयाने म्हटले आहे. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत पाठवलेले नाही. एकोणीस वर्षांनंतर विरार-बोरिवलीच्या घराघरांतून एकच प्रश्न आला: मग स्फोट केले कोणी? चुकीच्या खटल्यात आयुष्य गेलेल्यांना भरपाई देण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, असे विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात सांगितले होते. तो कायदा अजून झालेला नाही.

सुधारणेच्या वाटेवर महाराष्ट्राची कामगिरी एकेकाळी देशाला दिशा देणारी होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसवले. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्यांना भिंतीबाहेर आणले, माळरान दिले आणि कुटुंबासह राहायची मुभा दिली. त्यांनी जमीन फोडली, पिके घेतली, बायकापोरांचा संसार चालवला. त्याच परिसरातले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून लिहिलेल्या कथेवर व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 मध्ये पडद्यावर आला. चित्रपट जगभर पोहोचला. स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे. येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी इथे खुली कारागृहे झाली, पण तिथे घर थाटता येत नाही आणि तिथवर पोहोचणारे शिक्षाबंदी फार थोडे असतात.

हाच विचार राजस्थानने पुढे नेला. जयपूरजवळच्या सांगानेरला 1963 पासून संपूर्णानंद खुले बंदी शिबिर आहे. शिक्षेचा काही भाग बंद तुरुंगात काढून, वर्तन चांगले ठेवलेल्या कैद्याला तिथे पाठवतात. तो बायकामुलांसह राहतो, सकाळी हजेरी लावून शहरात कामाला जातो, संध्याकाळच्या हजेरीला परत येतो. कुणी रिक्षा चालवतो, कुणी शाळेत शिकवतो, कुणी दुकान टाकतो. स्वतःच्या कमाईवर घर चालवायचे आणि वीजबिल भरायचे. शिबिराचे रोजचे व्यवहार बंदी पंचायत पाहते. बंद तुरुंगात एका कैद्यामागे सरकारला जेवढा खर्च येतो, त्याच्या कितीतरी कमी इथे लागतो. या शिबिराची जागा कमी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई केली आणि गर्दीवरचा उपाय म्हणून खुल्या तुरुंगांकडे पाहण्याची सूचना सगळ्या राज्यांना केली. ज्याला दहा-बारा वर्षांनी सुटून गावातच यायचे आहे, तो हातात काम आणि घरी माणसे घेऊन आलेला बरा, की सगळे तुटलेले घेऊन आलेला? सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असा विचारला, तर उत्तर अवघड नाही.

महाराष्ट्राच्या कारागृह खात्यानेही काही चांगल्या गोष्टी केल्या आहेत. ‘गळाभेट’ उपक्रमात कैद्याला जाळीशिवाय आपल्या लेकरांना कुशीत घेता येते. राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेतून मे 2022 पासून येरवड्यातल्या कैद्याला कुटुंबाच्या गरजेसाठी 50 हजारांपर्यंत कर्ज मिळू लागले; हप्ता त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून जातो. बापाने आतून पाठवलेल्या पैशांत मुलाची फी भरली गेली, याने त्या घराला जो आधार मिळतो तो मोठा आहे.

गुन्हेगार आणि पीडित यांची मने जोडण्याची भाषा भाबडी वाटते, म्हणून चंबळची आठवण द्यावी लागते. मे 1960 मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या खोऱ्यांत फिरले आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. 1972 मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे जौराला शेकडोंनी ठेवली. शरण आलेल्यांवर खटले चालले, त्यांनी शिक्षा भोगल्या, मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात राहिले. त्यांची आणि त्यांनी मारलेल्यांची कुटुंबे, दोहोंच्या पुनर्वसनाचा विचार झाला. न्यूझीलंडने 1989 मध्ये, माओरी समाजाच्या तक्रारींनंतर, अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंब-बैठक कायद्यातच आणली: मुलगा, त्याचे घरचे, पोलिस आणि पीडित समोरासमोर बसतात, आणि माफी, भरपाई किंवा काम यांचा आराखडा ठरतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या अशा प्रयोगांचा लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग यांनी 2007 मध्ये आढावा घेतला. पीडितांचा मानसिक त्रास आणि सूडाची भावना कमी झाल्याचे त्यांना आढळले. पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण काहींच्या बाबतीत घटले, सर्वांच्या नाही.

ही पद्धत आपल्याकडे उचलून आणताना मात्र दहा वेळा विचार करावा. इथे ‘आपसात मिटवा’ हा दुबळ्यावरच्या दबावाचा जुना मार्ग आहे. जातपंचायतींनी बाईच्या अब्रूची किंमत दंडात वसूल केली, कुटुंबे वाळीत टाकली. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला जागा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले. संवाद हवा तर तो न्यायालयाच्या देखरेखीखाली, पीडिताच्या पूर्ण मर्जीने आणि आरोपीने गुन्हा कबूल केल्यावरच.

पुण्यातल्या कल्याणीनगरची घटनाही लक्षात ठेवायला हवी. मे 2024 मध्ये महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले, आणि अल्पवयीन चालकाला काही तासांत 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. बालन्यायाचे तत्त्व बरोबरच आहे: मुलाला सुधारायची संधी मिळाली पाहिजे. पण त्यात जाब विचारणे आणि मेलेल्यांच्या आईवडिलांचे ऐकून घेणे यांना जागा राहिली नाही, की लोक सुधारणेच्या सगळ्या कल्पनेलाच श्रीमंतांची पळवाट समजतात. त्याची किंमत निरीक्षणगृहातली गरीब मुले मोजतात.

नव्या भारतीय न्याय संहितेत पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली आहे. वस्तू परत केलेली 5 हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, बदनामी अशा सहा किरकोळ गुन्ह्यांपुरतीच ती आहे. सुरुवात लहान आहे आणि ती सुरुवातीतच संपण्याची भीतीही आहे, कारण देखरेख कोण करणार? 1958 चा परिविक्षा कायदा हाताशी असताना न्यायालये तो फारसा वापरत नाहीत. परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाखाली येतात, हाताखाली माणसे तुटपुंजी आणि कामांचा डोंगर.

1894 चा इंग्रजी तुरुंग कायदा बाजूला सारणारे नवे कारागृह विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळात 2024 च्या हिवाळी अधिवेशनात आले. पण नवा कायदा, खुल्या वसाहती, समुपदेशक, वकील या सगळ्यांना पैसा लागतो आणि पैसा अर्थसंकल्पातून येतो. तेव्हा वाचकांनी आपल्या आमदाराला तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात जामीन मंजूर होऊनही किती जण आत आहेत? मनोधैर्यचे किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत? न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किती नमुने तपासणीच्या प्रतीक्षेत आहेत? हे आकडे सरकारच्या दप्तरात आहेत, आणि ते मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.